पावसाळ्यात मुलांना घेऊन कोल्हापूर फिरायचंय? नव्याने आलेल्यांसाठी

सोलापूरहून बदली होऊन आम्ही कोल्हापुरात आलो तेव्हा थोरला सात वर्षांचा होता आणि धाकटी तीन. सोलापुरात पाऊस आला की मुलांना गॅलरीत उभं करून दाखवायचो. इथं जून सरता सरता जी झड लागली ती आठ दिवस हटली नाही. कपडे वाळेनात, मुलं घरात कोंडली, आणि एका रविवारी आम्ही उठलो नि पन्हाळ्याला निघालो. अंगावर जीन्स, पायात कापडी बूट, हातात एक मोठी छत्री आणि बिस्किटांचे दोन पुडे. तयारी म्हणून एवढंच.

गडाच्या कडेच्या सज्जाकोठीपाशी वाऱ्यानं छत्री उलटी केली. दहा मिनिटांत चौघंही निथळत होतो. धाकटी आधी रडत होती, मग गप्प झाली. मला वाटलं, रमली असेल. कणसं भाजणाऱ्या मावशींनी तिच्याकडे एकदाच पाहिलं नि म्हणाल्या, "आवो ताई, पोरीचं ओठ बघा की, निळं पडल्यात. आधी मोजं काढा तिचं." चुलीपाशी जागा करून दिली, पिशवीतून जुन्या लुगड्याचा कोरडा धडपा काढून दिला. त्यात तिला गुंडाळून मी पोटाशी धरून बसले. बऱ्याच वेळानं तिनं कणसाकडे हात केला, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

त्याला आता पाच पावसाळे झाले. दर पावसाळ्यात आम्ही बाहेर पडतो, आणि ते दिवस मुलांना दिवाळीच्या सुट्टीपेक्षा जास्त आवडतात. मूल भिजलं तर काही बिघडत नाही, ते ओलं राहिलं की बिघडतं. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती आहे, आणि परतीच्या रस्त्याभोवती.

१. आधी पावसाची दिशा ओळखा

कोल्हापूर जिल्ह्यात पाऊस सगळीकडे सारखा पडत नाही. शहरात वर्षाला साधारण १००० मिलिमीटर, तर पन्नास-पंचावन्न किलोमीटर पश्चिमेला गगनबावड्यात ५००० च्या वर. पूर्वेला शिरोळकडे गेलात तर शहरापेक्षाही कमी. समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीच्या कड्याला अडतात, तिथंच मोकळे होतात आणि पूर्वेकडे येईतो रिकामे होत जातात.

याचा व्यवहारातला अर्थ असा की राजारामपुरीत ऊन पडलंय म्हणून राधानगरी किंवा गगनबावड्यालाही उघडीप असेल, असं धरू नका. आणि शहरात सर आली म्हणून बेत रद्दही करू नका. पहिल्या वर्षी लहान मुलांना घेऊन पश्चिमेला तीस किलोमीटरच्या पुढे जाऊच नका, असं मी सांगेन. पन्हाळा, जोतिबा आणि शहर, इतकं पुष्कळ आहे.

२. दिवस निवडताना नक्षत्र बघा

इथल्या शेतकऱ्यांना विचारा, ते महिन्यांऐवजी नक्षत्रं सांगतात. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस आणि पुष्याचा म्हातारा. म्हणजे साधारण ५ जुलैपासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत. नावं वेगळी असली तरी दोन्ही पाऊस झोडपतात, आणि पंचगंगेला पूर येतो तो बहुधा याच सुमारास किंवा त्यानंतर लगेच. पाच वर्षांच्या आतलं मूल असेल तर या दिवसांत शहराबाहेरचे बेत ठेवू नका.

मुलांसाठी सगळ्यात चांगला काळ श्रावणाच्या मध्यापासून भाद्रपद संपेपर्यंतचा. ऊनपावसाचा खेळ चालू असतो, डोंगर हिरवे असतात आणि दोन सरींमध्ये मूल कोरडं करायला वेळ मिळतो. सप्टेंबरात पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर रानफुलं येतात. मुलांना तिथं पळू द्या, फक्त फुलांवर पाय पडणार नाही एवढं आधीच सांगून ठेवा.

३. पिशवी: ओल्याची आणि कोरड्याची वेगळी

हा भाग सविस्तर सांगते, कारण सगळी सहल यावरच उभी असते.

प्रत्येक मुलामागे कपड्यांचे दोन पूर्ण जोड घ्या. पूर्ण म्हणजे आतले कपडे आणि मोजे धरून. एकेक जोड वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारा, वर मुलाचं नाव लिहा. सगळे कपडे एकाच पिशवीत असले की भर पावसात पिशवी उघडून शोधाशोध होते आणि तेवढ्यात सगळेच भिजतात. ओल्या कपड्यांसाठी दोन रिकाम्या पिशव्या वेगळ्या.

जीन्स नको. भिजली की जड होते, वाळत नाही आणि अंगाला चिकटून गार करत राहते. जाड सुती कापडाचंही तेच. खेळाच्या पातळ पॅंट मिळतात तशी पॅंट आणि वर लोकरी किंवा फ्लीसचा स्वेटर चांगला. स्वेटर रेनकोटाच्या आत राहिला पाहिजे. रेनकोट शर्ट-पॅंट असा दोन भागांचा घ्या. नुसता घोळदार अंगरखा असेल तर वाऱ्यानं वर उडतो आणि गुडघ्याखालचं सगळं भिजतं. रंग भडक पिवळा किंवा नारिंगी बघा. पन्हाळ्यावर धुकं उतरलं की राखाडी रेनकोटातलं मूल दहा पावलांवर दिसेनासं होतं.

पायात गमबूट, पण शाळेच्या बुटांपेक्षा एक नंबर मोठे, म्हणजे आत जाड मोजा बसतो. तळ बोटानं घासून बघा. गुळगुळीत झाला असेल तर शेवाळावर तो बर्फासारखा घसरतो.

बाकीचं असं:

• दोन पंचे. टॉवेलपेक्षा पंचा लवकर पाणी शोषतो आणि लवकर वाळतो.
• एक घोंगडं. धनगरी लोकरीचं घोंगडं थोडं ओलं झालं तरी ऊब देतं. घोंगडं नसेल तर जुनी शाल.
• थर्मासमध्ये गरम पाणी, दुसऱ्यात सुंठ-गूळ घातलेलं दूध किंवा गवती चहाचं पाणी.
• डब्यात दशम्या, शेंगदाण्याचा लाडू, गूळ-खोबरं. गारठलेल्या मुलाला चटकन ताकद देणारं काहीतरी हवंच.
• टोपरं किंवा कानटोपी, दोन.
• प्रत्येक मुलाच्या गळ्यात शिट्टी. धुक्यात चुकलंच तर जागेवर उभं राहून वाजवायची, चालायचं नाही, हे घरीच शिकवा.
• तापाचं औषध (मात्रा मुलाच्या वजनाप्रमाणे डॉक्टरांकडून लिहून घेतलेली), जलसंजीवनीची पाकिटं, पट्टी, जंतुनाशक मलम. दम्याचं मूल असेल तर पंप अंगावरच्या खिशात, गाडीत नव्हे.
• मीठ. जंगलाच्या बाजूला गेलात तर जळू लागते. ती ओढून काढू नका. थोडं मीठ टाकलं की सुटते. मग जागा धुऊन दाबून धरा.

कागदपत्रांत मोठ्यांचं आधार कार्ड, मुलांच्या वयाचा पुरावा, गाडीची कागदपत्रं आणि परवाना. मोबाईलमध्ये असतील तरी एक झेरॉक्स प्लास्टिकच्या पाकिटात ठेवा. भिजलेल्या बोटांनी मोबाईल उघडत नाही आणि घाटात रेंज जाते.

४. सकाळी निघण्यापूर्वी दोन आकडे बघा

पहिला, हवामान खात्याचा इशारा. पिवळा असेल तर जवळची सहल चालेल. नारंगी म्हणजे २४ तासांत ११५ मिलिमीटरच्या वर पावसाची शक्यता, त्या दिवशी शहरातच राहा. लाल असेल तर घरात.

दुसरा आकडा इथल्या माणसांच्या तोंडी असतो, नव्याने आलेल्यांना तो कळत नाही. "राजाराम बंधाऱ्याला किती झालंय?" असं कुणी विचारलं तर ते पंचगंगेची पातळी विचारतात. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं आणि पुणे-बंगळूर महामार्गसुद्धा शिरोलीजवळ बंद झाला होता. वर्तमानपत्रात आणि स्थानिक वाहिन्यांवर हा आकडा रोज येतो.

माझा नियम असा: पातळी ३५ च्या पुढे असेल आणि चढती असेल तर नदी ओलांडून जायचं नाही. तुम्ही जाताना रस्ता कोरडा असतो. पण वर धरणक्षेत्रात पाऊस चालू असेल तर संध्याकाळपर्यंत केर्लीपाशी रत्नागिरी रस्त्यावर पाणी येऊ शकतं, गगनबावडा रस्त्यावर मांडुकलीकडे तर त्याहूनही लवकर. मग मुलांना घेऊन पलीकडे अडकायची वेळ येते. रस्त्यावर वाहतं पाणी दिसलं तर "पुढची गाडी गेली की" म्हणून गाडी घालू नका. खालचा रस्ता शिल्लक आहे की खचलाय, हे वरून कळत नाही.

हे क्रमांक कागदावर लिहून ठेवा: ११२ आपत्कालीन मदत, १०८ रुग्णवाहिका, १०७७ जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष.

५. जायचं कशानं

एसटी मला पावसात सगळ्यात निर्धास्त वाटते. चालकाला रस्त्याची नाडी माहीत असते. पाच वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, पाच ते बारा वयाला अर्धं, आणि महिलांना २०२३ पासून निम्मं भाडं आहे. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ उतरल्या उतरल्या विचारा आणि तिच्या आधीच्या गाडीनं परत फिरा.

स्वतःची गाडी असेल तर धुक्यात दिवे खालच्या झोतावर ठेवा. वरचा झोत धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांवर येतो. काचेवर आतून वाफ धरली तर हाताने पुसत बसू नका, वातानुकूलन काचेकडे वळवा. मुलाला ओल्या रेनकोटसकट पट्ट्यात अडकवू नका. पट्टा सैल राहतो आणि सीट भिजली की परतीचा सगळा प्रवास ते ओल्यात बसतं.

दुचाकीवर लहान मूल घेऊन घाट चढू नका, असंच मी म्हणेन. शहरातल्या शहरात जायचं असेल तर चार वर्षांखालच्या मुलाला सुरक्षा पट्टा आणि हेल्मेट बंधनकारक आहे, वेग ४० च्या आत. रेनकोटाचं टोक चाकात जात नाही ना, हे दर वेळी बघा.

६. पहिली सहल: पन्हाळा, तीन तासांत

पन्हाळा शहरापासून साधारण २० किलोमीटर. शिवाजी पूल ओलांडला की वडणगे फाटा, मग केर्ली. तिथून जोतिबाचा रस्ता वेगळा होतो. सरळ वाघबीळपर्यंत या आणि तिथून वर चढा. प्रवेशकराच्या नाक्यावर सुटे पैसे हाताशी ठेवा, म्हणजे काच फार वेळ उघडी राहत नाही. सकाळी नऊच्या आत वर पोचलात तर गर्दीही नसते.

सगळा गड एका दिवसात बघायचा हट्ट सोडा. पावसात मुलांबरोबर दोन ठिकाणं होतात, तिसरं होत नाही. आमचा क्रम ठरलेला आहे. आधी तीन दरवाजा, कारण कमानीखाली उभं राहून पाऊस बघता येतो. तिथंच जवळ अंधार बाव ही जुनी विहीर आहे. आत पायऱ्या ओल्या आणि अंधाऱ्या असतात, म्हणून एका मोठ्या माणसाकडे एकच मूल. मग अंबरखाना. गंगा, यमुना, सरस्वती अशी या धान्यकोठारांची नावं. डोक्यावर छप्पर असतं, भिंती जाड असतात आणि आवाज घुमतो, त्यामुळे मुलं खूष. सज्जाकोठी गडाच्या कडेला आहे, तिथं वारा जोराचा लागतो. उघडीप असेल तरच जा.

तटबंदीवर मुलांना चढवू नका. फोटोसाठीही नको. दगड शेवाळलेले असतात, आणि सततच्या पावसानं कुठला चिरा सैल झालाय हे दिसत नाही. २०२१ च्या जुलैत तर पन्हाळ्याला जाणारा मुख्य रस्ताच खचला होता.

तीन दरवाजाच्या कमानीत थांबलात की मुलांना गोष्ट सांगा. १६६० चा जुलै, सिद्दी जौहरचा वेढा, असाच मुसळधार पाऊस, आणि त्या रात्री शिवाजी महाराज याच गडावरून विशाळगडाकडे निघाले. शिवा काशिद, बाजीप्रभू, घोडखिंड. ही गोष्ट घरात सांगितली तेव्हा माझ्या मुलानं निम्मी ऐकली होती. इथं पायाखाली तोच चिखल होता. त्यानं विचारलं, "आई, त्यांच्याकडे रेनकोट नव्हते ना?" आणि परतीच्या वाटेवर एकदाही कुरकुरला नाही.

कणसं, झुणका-भाकरी, चहा यासाठी टपरी निवडताना चव बघू नका, चूल बघा. जिथं बसायला आडोसा आणि विस्तव जवळ असेल तिथं थांबा. खाण्याआधी मुलाचे मोजे बदला. हे काम नंतर राहतं, आणि तेच राहिलं की मूल गारठतं.

७. धबधब्याचा मोह

राऊतवाडी, बर्की, आंबोली ही नावं तुम्हाला पहिल्या आठवड्यातच ऐकू येतील. ठिकाणं सुंदर आहेत. पण पोहता न येणाऱ्या मुलाला घेऊन जाताना लांबून बघायचं, पाण्यात उतरायचं नाही, हे घरीच ठरवून निघा. तिथं पोचल्यावर ठरवायला गेलात तर चारचौघांना भिजताना बघून निश्चय टिकत नाही.

ओढ्याचं पाणी तुमच्या डोक्यावरच्या पावसानं वाढत नाही, वर डोंगरात पडलेल्या पावसानं वाढतं. त्यामुळे इथं ऊन असतानाही लोंढा येऊ शकतो. स्वच्छ पाणी गढूळ होऊ लागलं, काटक्या-पाला वाहून येऊ लागला किंवा आवाज जड झाला, तर सामान आवरत बसू नका. मुलं उचला आणि उंचावर या. ज्या धबधब्याला जाताना ओढा किंवा मोरी ओलांडावी लागते तिथं जुलैत मुलांना नेऊच नका. प्रशासन पावसाळ्यात काही ठिकाणी बंदीही घालतं, आदल्या दिवशी बातम्या बघून ठेवा. दाजीपूरच्या अभयारण्यात गवा दाखवायचा असेल तर तो बेत दिवाळीनंतरचा, पावसाळ्यात ते पर्यटकांसाठी बंद असतं.

८. मूल गारठलंय हे कसं ओळखाल

हात-पाय गार असणं ही खूण पुरेशी नाही, पावसात ते गारच असतात. मानेमागे, स्वेटरच्या आत बोटं घाला. तिथं ऊब असेल तर ठीक. तिथंही गार लागलं तर लगेच आडोसा शोधा.

लहान मुलाचं वजन कमी आणि त्या मानानं अंग जास्त उघड्यावर, म्हणून मोठ्यांपेक्षा ते लवकर गार पडतं. ओलं कापड आणि वारा एकत्र आले की वीस अंशांतही हुडहुडी भरते. रडणारं, चिडचिडं मूल परवडलं. गप्प झालेलं, पेंगुळलेलं, पाय अडखळत चालणारं मूल दिसलं की तिथंच थांबा.

करायचं ते या क्रमानं: आडोसा, ओले कपडे सगळे काढणं, चोळपट्टी न करता पंचाने टिपणं, कोरडे कपडे, टोपी, मग घोंगड्यात आपल्या अंगाशी धरणं. शुद्धीवर असेल आणि नीट गिळत असेल तर कोमट गोड काहीतरी घोट घोट. थरथर थांबली पण मूल सुस्तच आहे, नीट बोलत नाही, असं झालं तर घरी न जाता जवळचा दवाखाना गाठा.

९. गड नको, नदी नको अशा दिवशी

नारंगी इशाऱ्याच्या दिवशीही मुलांना शहरात फिरवता येतं. न्यू पॅलेसचं संग्रहालय बघायला दोन तास लागतात. टाऊन हॉलच्या संग्रहालयात कोल्हापुरातल्याच ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात सापडलेली पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती आहे. ग्रीक लोकांचा समुद्रदेव पंचगंगेच्या काठी कसा आला, हा प्रश्न मुलाला घालून बघा. जाण्याआधी संग्रहालय उघडं आहे का, याची चौकशी करा. सोमवार तर टाळाच.

मला सगळ्यात आवडते ती कुंभार गल्ली. आषाढ-श्रावणात शाहूपुरीत, गंगावेशीत ओळीनं गणपती आकार घेत असतात. ओल्या मातीचा वास, खाली गोळे मळणारी पोरं आणि वर टांगलेला एकच दिवा. कामाच्या गडबडीत हात लावायचा नाही, हे मुलांना बजावा आणि कारागिरांची परवानगी घेऊन कडेला उभे राहा. आमच्या धाकटीनं एकदा अर्धा तास फक्त सोंड बसवताना बघितलं.

आता एक सापळा. पूर आला की कोल्हापूरकर सहकुटुंब "पाणी बघायला" जातात, पंचगंगा घाटाकडे, शिवाजी पुलावर. शेजारी प्रेमानं बोलावतीलही. मुलांना नेऊ नका. पुलावर गर्दी असते, कठडा मुलाच्या छातीएवढा असतो आणि कडेचा रस्ता कुठं संपतो ते पाण्याखाली दिसत नाही. नृसिंहवाडीला दक्षिणद्वार सोहळ्यासाठी (पुराचं पाणी दत्तमंदिरात शिरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं तेव्हाच्या स्नानासाठी) जायचं असेल तर मोठ्यांनी जावं, मुलांना पाणी ओसरल्यावर दर्शनाला न्यावं.

१०. घरी आल्यावर

आधी मुलं, मग सामान. कोमट पाण्यानं अंघोळ, पायाच्या बोटांच्या बेचक्या कोरड्या करणं, आणि गुडघ्यामागे, काखेत जळू किंवा गोचीड राहिलीय का ते बघणं. पायाला जखम असून साचलेल्या किंवा पुराच्या पाण्यातून चालणं झालं असेल तर पुढचे दोन-तीन आठवडे लक्ष ठेवा. ताप, पोटऱ्यांत दुखणं, डोळे लाल, असं काही दिसलं तर डॉक्टरांना "पाण्यातून चाललं होतं" हे आपणहून सांगा. लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा ताप) तपासणी त्यावरूनच सुचते.

गमबुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून उलटे ठेवा. रेनकोट आतून बाहेर करून पंख्याखाली टाका. आणि वापरलेल्या जोडांच्या जागी नवे जोड घालून पिशवीला त्याच रात्री गाठ मारा. इथं उघडीप सांगून येत नाही. सकाळी ऊन पडलं की पिशवी उचलायची आणि निघायचं.